सगळ्यांना एकच टोपण

"खिडकीची जागा माझी," संघप्रिया म्हणाली. "जातानाबी आन् येतानाबी."

"आधी डब्यात चढून तर दाखव," सिद्धोधन म्हणाला. "मागच्या टायमाला मामानं तुला पोत्यावानी उचलून आत टाकलं होतं."

"आन् तू चुकीच्या डब्यात चढला होतास, ते कोण सांगणार?"

बबिता कुंपणाच्या बल्लीवर बसून दोघांचं ऐकत होती आणि हसत होती. ती सातवीत होती. सिद्धोधन आठवीत, त्याची बहीण संघप्रिया सहावीत. दिवाळीच्या सुट्टीचे आठ दिवस उरले होते आणि तिघांचं चुडाव्याला जायचं ठरलं होतं. या बहीणभावांच्या मामाचं घर चुडाव्याच्या स्टेशनाला इतकं लागून होतं, की अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे डबे मोजता यायचे. बबितानं आगगाडी अजून एकदाच पाहिली होती, तीही लांबून, धूर आहे की धूळ ते न कळण्याइतक्या लांबून.

तिच्या आजोबांनी होकार दिला होता. मल्हारी त्यांचं नाव. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. आजीचा, केवळाबाईचा होकार यायचा होता, आणि तोच अवघड होता. बबिताचे आईवडील मोठ्या मेंढ्या घेऊन गोदाकाठाकडं चरायला गेले होते. घरी दूध सुटलेली बावीस कोकरं होती, आणि सुट्टीत ती चारायचं काम बबिताकडं होतं.

"थांबा, टिकलीला खाऊ देऊन येते," म्हणत बबितानं मुठीत ज्वारी घेतली आणि हाक मारली. "टिकले, ये ये ये."

कपाळावर पांढरा ठिपका असलेलं ते कोकरू बबितानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. हाक ऐकून ते कान टवकारून धावत निघालं आणि धाडकन मधल्या खांबावर आदळलं. पडलं, उठलं, पुन्हा धावलं. पुन्हा त्याच खांबावर आदळलं.

"पिऊन आलंय का हे?" सिद्धोधन हसला.

दुसरं कुणी हसलं नाही. बबिता खाली उतरली. तिनं टिकलीच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला. डोळे उघडे होते, काळेभोर, चमकदार, काहीच झालं नसल्यासारखे. पापणी हलली नाही. तिनं बोट अगदी बुबुळाजवळ नेलं. तरीही हलली नाही.

"सिद्धू," ती हळूच म्हणाली, "हिला दिसंना गेलंय."

दुपारपर्यंत त्यांनी एकेक कोकरू तपासलं. बावीसांपैकी आठ आंधळी झाली होती.

केवळाबाईच्या तोंडाला गावातले वकीलही घाबरायचे. तिनं कमरेला पदर खोचला आणि नातीला अंगणात उभं केलं.

"कालव्याच्या कडंला नेली होतीस का न्हाई?"

"नेली होती."

"तिथं बेशरम माजलीय का न्हाई?"

"हाय. पण मी त्यांना तिकडं जाऊ—"

"पण-बिण काय न्हाई. गुलाबी फुलं बघत बसली असशील. बेशरमीचा पाला खाऊन जनावरं मरतेत, हे दुधपितं पोरगंबी सांगतंय. आठ लेकरं आंधळी केलीस माझी. काठी ठेव खाली. आजपासून कळपाला हात लावायचा न्हाई. चुडावा-फिडावा सगळं बंद."

बबितानं काठी खाली ठेवली. शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. शेजाऱ्यांना दुसऱ्याच्या घरचं दुःख बघायला नेमका वेळ असतो. सरजाबाई म्हणाली, "पोरीच्या जातीच्या हाती कळप देऊच नये." तिच्या स्वतःच्या पोरानं मागच्या वर्षी बकरी विहिरीत घालवली होती, ते तिला त्या वेळी आठवलं नाही.

मल्हारीआबा खाटेवर बसले होते. ते उठले आणि बबिताच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"केवळे, माझी नात असं करायची न्हाई," ते म्हणाले. "मी जबान देतो. दुसरं कायतरी झालंय. अंगात जंत झाले असतील, त्यानं कमजोरी आली असंल. आठ जणांना औषध पाजलं, तोवर बाटली संपली. उद्या दुपारच्या एसटीनं पालमहून दुसरी बाटली येतीय. राहिलेल्या चौदांना उद्याच पाजून टाकू, म्हंजी ती तरी वाचतील."

बबितानं आबांचा हात धरला. सगळ्या अंगणात तिच्या बाजूनं तेवढा एकच हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शाळेच्या ओट्यावर बसले. संघप्रियाकडं वही होती. चुडाव्याचं सामान पिशवीतून परत काढून ठेवलं होतं. बबिता येत नसेल तर आम्हीही जात नाही, असं या दोघांनी आईला सांगून टाकलं होतं.

"बेशरम खाल्ली असती तर बावीसच्या बावीस आंधळी झाली असती," सिद्धोधन म्हणाला. "सगळी एकाच जागी चरली."

"ह्या आठांनीच खाल्ली असंल, बाकीच्यांनी न्हाई," संघप्रिया म्हणाली. भावाला खोडून काढायची संधी ती सहसा सोडत नसे.

"लंगडं," बबिता एकदम म्हणाली.

"काय लंगडं?"

"लंगडं कोकरू. त्याचा पाय सुजलाय, म्हणून पंधरा दिवस झाले त्याला दावणीलाच बांधलंय. ते कालव्यावर गेलंच न्हाई. आन् तेबी आंधळंय."

बबिताच्या छातीवरचं ओझं क्षणभर हलकं झालं. मग आपण नाही केलं. खरंच नाही केलं.

"त्या आठांत सारखं काय हाय, ते लिही," सिद्धोधन बहिणीला म्हणाला.

संघप्रियानं लिहिलं. रंग वेगळे. आया वेगळ्या. चार नर, चार माद्या. पुढं ती थांबली आणि पेन्सिल चावत म्हणाली, "औषध. आबा काल म्हणाले ना, आठांना पाजलं आन् बाटली संपली."

"औषध न्हाई," बबिता पटकन म्हणाली. "तेच औषध रविवारी मोठ्या मेंढ्यांनाबी पाजलं. सकाळी बाबांचा फोन आला होता. सगळ्या ठणठणीत हायेत."

"त्यांना किती पाजलं?"

"सगळ्यांना सारखंच. एक टोपण. आबांचं टोपण हाय जुन्या बाटलीचं, लय वर्षांपासून तेच वापरतेत. आबा म्हणतेत पंगतीत दुजाभाव करायचा नसतो. मोठी असो का धाकटी, सगळ्यांना एकच टोपण."

संघप्रियानं पेन्सिल खाली ठेवली. तिची आई कमलबाई गावची आशाताई होती. बाळांना ताप आला की घरोघरी जाऊन औषध द्यायची.

"आमची आई बाळाला आधी काट्यात घालती," संघप्रिया म्हणाली. "मग किती द्यायचं ते ठरवती. बाळाला आन् बाळाच्या बापाला सारखं देत न्हाई."

मग सिद्धोधन उठला. रिकामी बाटली कुंपणाच्या खुंटीवर उलटी अडकवलेली होती. ती आणि आबांचं टोपण त्यानं हळूच काढून आणलं. चिठ्ठी तेलकट झाली होती, पण अक्षरं दिसत होती. बबितानं वाचलं, "दर दहा किलो वजनास एक मिली."

"म्हंजी आता दोन मोजमापं करायची," सिद्धोधन म्हणाला. "कोकराचं आन् टोपणाचं."

गावात मोठा काटा एकच होता, बन्सीधरच्या दुकानापुढं. त्यावर सोयाबीनची पोती चढायची. बन्सीधर गल्ल्यावर बसून मोबाइल बघत होता.

"काका, टिकलीला मोजायचंय," बबिता म्हणाली.

"सोयाबीन हाय का ती?"

"सोयाबीनपेक्षा गुणी हाय," संघप्रिया म्हणाली. "वजन वाढवायला ओली करून आणली न्हाई आमी."

बन्सीधरनं डोळे वटारले, पण काटा चालू केला. टिकली काही काट्यावर उभी राहीना. पायाखाली लोखंड लागलं की ती घाबरायची आणि दिसत नसल्यामुळं कुठंही उडी मारायची. आकडा नुसता नाचत होता. शेवटी सिद्धोधन स्वतःच काट्यावर चढला.

"तेहतीस किलो चारशे ग्रॅम," संघप्रियानं वाचलं. "एवढं खातोस आन् एवढाच?"

"आता टिकलीला दे माझ्याजवळ."

त्यानं कोकराला छातीशी धरलं. टिकलीनं त्याच्या बगलेत तोंड खुपसलं आणि ती गप्प झाली. आकडा स्थिर झाला. बेचाळीस किलो पाचशे.

"वजा करा," बबिता म्हणाली आणि स्वतःच करून मोकळी झाली. "नऊ किलो शंभर."

सिद्धोधननं मग पाण्यानं भरलेलं टोपण काट्यावर ठेवलं. काट्यानं शून्य दाखवलं. त्यानं फुंकर मारली, टोपण सरकवलं. तरी शून्यच.

"अरे, शंभर ग्रॅमच्या खालचं ह्याला कळतच न्हाई," बन्सीधर म्हणाला. "पोत्यांचा काटा हाय तो."

"आन् वजन करून उपयोगबी न्हाई," बबिता म्हणाली. दिनकरराव सरांनी शाळेत दोन शब्द फळ्यावर लिहिले होते, वस्तुमान आणि आकारमान. तेव्हा ते तिनं परीक्षेपुरते पाठ केले होते. "किलो कोकराचे. पण औषधाचे मिली मोजायचेत. औषध किती जड हाय ते न्हाई, किती जागा धरतंय ते बघायचं."

संघप्रियानं पिशवीतून बाळांच्या तापाच्या औषधाची छोटी प्लास्टिकची वाटी काढली. तिच्यावर रेघा होत्या, अडीच, पाच, साडेसात, दहा. बबितानं आबांचं टोपण काठोकाठ भरलं आणि थेंबही न सांडता वाटीत ओतलं. मग वाटी सपाट दगडावर ठेवून तिनं डोळा पाण्याच्या पातळीला आणला.

साडेसात.

तिनं ते तीनदा केलं. तिन्ही वेळा साडेसात. मोजताना तिच्या मनात एकच होतं, की एकदा तरी हे चुकावं.

"टिकलीला एक मिलीबी नको होतं," सिद्धोधन म्हणाला. "आठपटीनं जास्त गेलं. मोठ्या मेंढ्या तीस-तीस किलोच्या. त्यांना तीन पाहिजे होतं, साडेसात गेलं. त्यांनी सोसलं." मग त्याचा आवाज वाढला. "बबे, तू सुटलीस. चल, तुझ्या आजीला—"

तो थांबला. बबिता दगडावर बसली होती आणि तिचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता.

"आबांनी केलं," ती म्हणाली. "माझ्या आबांनी स्वतःच्या हातानं केलं."

दुपारची एसटी आली. कंडक्टरनं खिडकीतून कागदात गुंडाळलेली बाटली दिली. "मल्हारीआबांची. सांभाळून ने." बबितानं ती घेतली. घराकडं जाणाऱ्या वाटेवर ती विहिरीपाशी थांबली.

"टाकून देते," ती म्हणाली. "सांगते, आलीच न्हाई."

"मग पुढच्या गाडीनं दुसरी येईल," सिद्धोधन म्हणाला.

"मग मी सांगते, बेशरमच खाऊ घातली. माझ्यावर येऊ दे. आजी चार दिवस बोलंल आन् गप बसंल."

"आन् ती चौदा?" संघप्रियानं विचारलं. ती सगळ्यांत लहान, पण प्रश्न तिचाच सगळ्यांत अवघड. "आबा आज ती चौदा धरून बसलेत, बबे."

बबिता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटली ओढणीत गुंडाळली आणि चालू लागली.

आबा कुंपणात पाय पसरून बसले होते. चौदा कोकरं एका कोपऱ्यात कोंडलेली. आठ आंधळी दुसऱ्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती, आणि एखादं हललं की सगळी दचकत होती.

"आली का बाटली? आण. अगं, माझं टोपण दिसंना कुठं."

"माझ्याजवळ हाय, आबा." ती त्यांच्यासमोर बसली. टिकलीला तिनं त्यांच्या मांडीवर दिलं. "आधी हिला उचला. किती असंल?"

आबांनी टिकलीला दोन्ही हातांनी तोललं. "नऊ. वर पावशेर असंल नसंल."

"काट्यावर नऊ किलो शंभर भरली."

"मग मी काय म्हटलं," आबा हसले. साठ वर्षं हीच त्यांची ऐट होती. हातानं तोललेलं त्यांचं वजन काट्याशी कधी फारसं चुकलं नव्हतं.

"बाटलीवर लिहिलंय, आबा. दहा किलोला एक मिली. मग टिकलीला किती?"

"एक मिली म्हंजी किती ते दाखव की."

तिनं वाटीत पाण्याचा तळ जेमतेम झाकला. सगळ्यात खालच्या रेघेच्या निम्म्याहूनही कमी. मग तिनं शेजारी टोपण ठेवलं आणि काठोकाठ भरलं.

आबांनी वाटीकडं पाहिलं, टोपणाकडं पाहिलं. मग मांडीवरच्या टिकलीकडं. त्यांचा हात तिच्या पाठीवरून फिरायचा थांबला.

"नव्या औषधाला मी दुकानदाराला इचारलं होतं," ते म्हणाले. "तो फोनवर बोलत होता. मी म्हटलं, एक टोपण का? त्यानं मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाला."

"बाटलीवर लिहिलं होतं, आबा."

"मला कुठं वाचायला येतंय. तुला हाक मारली असती तर तू वाचलं असतंस. तू इथंच तर होतीस, चुलीपाशी." त्यांनी डोळे मिटले. "न्हाई मारली हाक. साठ वर्षं मेंढरं राखलेल्या माणसानं नातीला इचारायचं का, असं वाटलं मला."

तेवढ्यात केवळाबाई घरातून बाहेर आली. बबिताला कळपात बसलेली बघून तिचा आवाज चढला. "पुन्हा हात लावलास? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव. आठ आंधळी करून—" सरजाबाईनंही लगेच मान बाहेर काढली.

आबा उठले. टिकली त्यांच्या काखेत होती.

"केवळे, पोरीला बोलू नको. आंधळी मी केली. मी पाजलेल्या औषधानं गेलेत डोळे. पोरीनं शोधून काढलं." मग ते कुंपणाकडं वळले. "सरजे, ऐकलंस का? नीट ऐक, आन् सगळ्या गावाला सांग. नायतरी सांगणारच हायस."

केवळाबाईचं तोंड उघडं राहिलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, पण तिला शब्द सापडला नाही असं पहिल्यांदाच झालं. ती नवऱ्याकडं बघत राहिली, मग नातीकडं. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि या वयात येणारही नव्हती. "भाकर करपायलीय," एवढं म्हणून ती आत गेली. चूल तेव्हा पेटलेलीसुद्धा नव्हती.

कमलबाईच्या फोनवरून बबितानं पालमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्कूटीवर आल्या. त्यांनी एकेका कोकराच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बबिता त्यांच्या मागं उभी होती. आठव्याला बघून झाल्यावर बाईंनी बॅटरी बंद केली.

"डोळा चांगलाच राहतो, पण डोळ्यामागची नस गेली. मोठा डोस झाला की कोकरांना असं होतं."

"परत येतील का?" बबितानं विचारलं.

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "नाही, बेटा."

मग त्यांनी संघप्रियाची वही मागून घेतली. तेहतीस चारशे, बेचाळीस पाचशे, वजाबाकी, तीन वेळा साडेसात, सगळं वाचलं. दुकानदाराला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि असा झापला, की केवळाबाई दारात उभी राहून मन लावून ऐकत होती. सारं अंगण भरलं होतं. बाई मोठ्यानं म्हणाल्या, "आज चौदा कोकरांचे डोळे या तीन पोरांनी वाचवले. एवढं नीट मोजमाप मी मोठ्या माणसांकडूनही पाहिलेलं नाही."

बन्सीधर म्हणाला, "माझ्याच काट्यावर सापडलं." सरजाबाई म्हणाली, "मी म्हणतच होते, पोरगी हुशार हाय." दिनकरराव सर मुद्दाम आले होते. त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. सिद्धोधन लाजला, संघप्रिया अजिबात लाजली नाही. बबिताला मात्र प्रत्येक शाबासकी टोचत होती, कारण ती मिळाली की लोक आबांकडं बघायचे आणि आबा जमिनीकडं.

"ही आठ खाटकाला देऊन टाका," कुणीतरी मागून म्हणालं. "आंधळं जनावर काय कामाचं?"

"ती कुठं जाणार न्हाईत," केवळाबाई कडाडली. "आमच्या हातानं झालंय, आमीच राखू. तुला दाणा मागायला आलो का आमी?" मग तिनं बबिताला सगळ्यांसमोर जवळ ओढलं, जोरात, जवळजवळ मारल्यासारखं, आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून तशीच उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी जाताना सुई नसलेली बारीक रेघांची पिचकारी दिली. "जंत आहेतच, औषध द्यावं लागेल. पण यानं मोजून. कोण पाजणार?"

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबांनी पिचकारी घेतली, हातात फिरवली आणि बबिताच्या हातात ठेवली.

"तू भर. मी तोंड उघडून धरतो."

पहिलं कोकरू त्यांनी उचलून तोललं. "आठ," ते म्हणाले. चौदाही कोकरं सिद्धोधननं सकाळीच बन्सीधरच्या काट्यावर मोजून आणली होती; त्यानं वहीतला आकडा बघितला. आठच.

"मग शून्य पूर्णांक आठ," बबिता म्हणाली. तिनं पिचकारी उजेडाकडं धरली. रेघा दिसेनात. तिनं पापण्या मिचकावल्या, तरी दिसेनात. कालपासून अडवून धरलेलं सगळं पाणी नेमकं आत्ता डोळ्यांत आलं होतं. पलीकडं टिकली ओरडत होती. एकटीच, भिंतीकडं तोंड करून.

आबांनी कोकराचा जबडा सोडला. पटक्याच्या टोकानं त्यांनी नातीचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "नीट दिसू दे. मगच भर."

तिनं पुन्हा बघितलं. रेघ दिसली. "शून्य पूर्णांक आठ."

"शून्य पूर्णांक आठ," आबा तिच्यामागून म्हणाले. पहिलीच्या वर्गात बसलेल्या पोरासारखे, एकेक शब्द जपून. "बरोबर म्हटलं का मी?"

"बरोबर, आबा."

"मग पाज."

चौदा कोकरं झाली. चौदा वेळा बबिता मोठ्यानं आकडा म्हणाली आणि चौदा वेळा आबा तिच्यामागून म्हणाले.